उंदीरबाईंची पेटी

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत एकच बातमी होती. उंदीरबाईंनी संस्थेतून उंदीर चोरले. कुणी दोन जोड्या म्हणत होतं, कुणी बारा. चोरलेले उंदीर त्यांनी कपड्यांच्या कपाटात, खालच्या खणात वाढवले. त्यातला एकेक परदेशात मोटारीच्या किमतीला जातो. आणि शेवटी पाप भरलं तेव्हा संस्थेची पांढरी गाडी दाराशी आली, दोन माणसं वर गेली आणि एक पेटी दोघांनी मिळून खाली आणली. पेटीला भोकं होती. आत हवा जावी म्हणून.

यातलं बरंच मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे गाडी पाहिली, माणसं पाहिली, पेटी पाहिली. भोकांचं मी दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात सांगितलं. भोकं किती, असं तिथे कुणी विचारलं नाही, त्यामुळे मलाही थांबायला कारण मिळालं नाही.

उंदीरबाई आमच्या समोरच्या दारात राहतात. ठेंगण्या, चालायला झपझप, बोलायला कंजूष. नवरा चष्म्यांच्या काड्या आणि काचा बसवतो आणि दिवसभर इतक्या बारीक कामात असतो की घरी आल्यावर त्याला मोठ्या गोष्टी दिसत नाहीत. बाई एकतीस वर्षं संस्थेत पिंजरे सांभाळतात. पिंजरा बदलायचा, भुसा बदलायचा, पाणी बघायचं, पिल्लं मोजायची, कार्डावर लिहायचं. हे काम त्या ज्या गंभीरपणे करतात तेवढ्या गंभीरपणे मी लग्नसुद्धा केलं नाही, असं आमची ही म्हणते.

आता संस्थेविषयी दोन शब्द, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टेकडीपलीकडे लांबच लांब इमारती आहेत, खिडक्या नसलेल्या. आत हजारो उंदीर. आमच्या गल्लीची समजूत अशी, की तिथे काहीतरी काळंबेरं चालतं. खरी गोष्ट बाईंनी एकदा आमच्या हिला भाजी निवडता निवडता सांगितली, आणि मी पलीकडे वर्तमानपत्र धरून बसलो होतो. माणसाला जे आजार आईबापांच्या रक्तातून येतात, त्यातला एकेक तिथे उंदरांच्या एकेका घराण्यात जपून ठेवलेला असतो. घराणं हा शब्द बाईंचा. कुणाचं साखरेचं घराणं, कुणाचं बहिरं, कुणाचं विसराळू. सख्ख्या भावंडांचीच जोडी लावत लावत ही घराणी शेकडो पिढ्या चालवलेली, त्यामुळे घराण्यातला कुठलाही उंदीर दुसऱ्याचा जुळा शोभावा. भावंडांच्या जोडीचं ऐकल्यावर मी कान झाकले; बोटं मात्र जरा विलग ठेवली.

कशासाठी हा खटाटोप? तर दोन उंदरांत मुळात फरकच नसला की एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग जो फरक दिसेल तो औषधाचाच. जगात कुणी कुठल्या आजाराचा अभ्यास करत असलं की ते या संस्थेला पत्र लिहितात, आणि संस्था त्या घराण्याच्या जोड्या खोक्यात घालून पाठवते. कुणाला नवं घराणं सापडलं तर ते इथे आणून ठेवतात, म्हणजे ते एकाच्या कुलपात राहत नाही, सगळ्यांचं होतं. सगळा कारभार देणग्यांवर आणि अनुदानावर. नफा कुणी घरी नेत नाही. यावर बाईंची थोरली नणंद एकदा म्हणाली होती, "नफा नाही म्हणजे धंदा बुडालाय असं सरळ सांग की गं. एवढं लांबण कशाला!"

तर त्या मंगळवारची गोष्ट.

चौथ्या नंबरच्या खोलीत बाईंकडे दोन घराणी शेजारी शेजारी होती, दोन्ही काळी कुळकुळीत. एक डुलतं घराणं. त्यांचे स्नायू हळूहळू विरत जातात. सहा आठवड्यांचे झाले की चालताना मागची बाजू डुलायला लागते, पुढे पाय ओढतात, आणि मग बसूनच राहतात. माणसांच्या मुलांना होतो तोच आजार. दुसरं घराणं बाई पैलवान म्हणायच्या, कारण त्यांचे स्नायू उपजतच दणकट. तीन आठवड्यांच्या पिल्लांत मात्र डुलता कोण आणि पैलवान कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

समुद्रापलीकडच्या एका मुलांच्या रुग्णालयाला डुलत्या घराण्याच्या बारा जोड्या हव्या होत्या. नवं औषध तपासायचं होतं. आठ महिने ते वाट बघत होते, आणि माद्या जमून जमून नेमक्या बारा झाल्या होत्या. खोकं पुढच्या सोमवारी निघायचं होतं.

त्या दिवशी जोडीला काम करणारी बाई रजेवर. आईपासून पिल्लं वेगळी करायचा दिवस. या वयाची पिल्लं म्हणजे कढईतल्या मक्याच्या लाह्या. झाकण काढलं की उडालीच. म्हणून नियम असा, की एका वेळी एकच पिंजरा उघडायचा. बाईंनी दोन उघडले. घाई होती, एवढंच. तेवढ्यात ढकलगाडीवरचं पत्र्याचं झाकण घसरलं, फरशीवर दणकन आपटलं, आणि दोन लाह्या उडाल्या. या पिंजऱ्यातली एक, त्या पिंजऱ्यातली एक.

बाईंनी दोन्ही पकडल्या. त्यांच्या हातून उंदीर सुटत नाही. पण पकडून होईपर्यंत दोघी कपाटाखालून एकदा फिरून आल्या होत्या.

आता त्या खोलीतला सगळ्यात जुना नियम सांगतो. जमिनीवर पडलेला उंदीर परत पिंजऱ्यात जात नाही. कितीही ओळखीचा वाटो, त्याला शांतपणे मारायचं आणि वहीत नोंद करायची. कारण वाटणं आणि असणं यातला फरक त्या घराण्याच्या मुळावर येतो. नव्याने लागलेल्या प्रत्येक माणसाला हा नियम बाईच शिकवत. शिकवताना बोट उगारत.

आणि त्याच बाई दोन्ही हातांत एकेक पिल्लू धरून उभ्या होत्या. कानांना अजून खुणेच्या खाचा पडलेल्या नव्हत्या. ते काम दुसऱ्या दिवशीचं. एक मारली तर बाराच्या अकरा, खोकं अडणार, रुग्णालय पुन्हा वाट बघणार. त्यांना डाव्या हातातलीची शेपटी बुडाशी जरा जाड वाटली. डुलत्यांची असते तशी. त्यांनी डावी डुलत्यांत ठेवली, उजवी पैलवानांत. झाकणं लावली. पिल्लं मोजली. आकडे बरोबर आले.

"आकडे बरोबर आले ना, तिथेच माझं चुकलं," असं त्या नंतर आमच्या हिला म्हणाल्या. "एखादं कमी भरलं असतं तर बोंब मारली असती मी."

बुधवारी सकाळी त्यांनीच कानांना खाचा पाडल्या, पिंजऱ्यावरच्या कार्डाप्रमाणे. म्हणजे चूक झाली असेल तर आता तिच्यावर शिक्कामोर्तबही झालं. कानाचा निघालेला तुकडा तपासायला जातो, पण रोजच्या तपासणीत एकच खूण बघतात, ती म्हणजे स्नायूंच्या आजाराची. ती डुलत्या घराण्यातही निम्म्यांत सापडत नाही. त्या निरोगी बहिणी म्हणून तुलनेला लागतात आणि त्याही बरोबर पाठवतात. थोडक्यात, परक्या घराण्यातली मादी आत बसली असती तरी कागदावर ती निरोगी बहीणच दिसली असती. जन्मात कुणाला कळलं नसतं.

हे एकदा डोक्यात शिरलं आणि बाईंची झोप, जेवण, बोलणं सगळं आटलं. बोलणं आधीच कमी होतं, त्यामुळे नवऱ्याच्या ते लक्षात आलं नाही. त्याच्या लक्षात चमचे आले.

"अगं, चमचे का मोजतेयस?"

"असेच."

"किती आहेत?"

"नऊ."

"मग बरोबर आहेत की."

"बरोबर आहेत हे मला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.

जिना चढताना पायऱ्या मोजल्या. दाराची कडी लावली की ओढून बघितली, सोडली, पुन्हा ओढून बघितली. गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि भांडं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"बसा ना हो, अशा अवघडून काय उभ्या," ही म्हणाली.

"वहिनी, एक विचारू? आपल्याला एखादी गोष्ट पक्की वाटते, तेव्हा ती बरोबर असते का?"

"ह्यांना नेहमी पक्कं वाटतं," आमची ही माझ्याकडे मान उडवून म्हणाली. "त्यावरून तुम्हीच ठरवा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. मी वर्तमानपत्राआडून ऐकत होतो. पेपर उलटा धरलाय, हे हिने मला दोनदा खुणेनं सांगितलं.

त्यांची भीती नोकरीपुरती नव्हती. ती होतीच, पण तिच्या मागे आणखी एक होती. समजा ती परकी मादी तिकडे गेली. तिकडे तिची पिल्लावळ वाढली. पैलवानांचं रक्त डुलत्यांत मिसळलं. मग त्या पिल्लांना औषध दिल्यावर ती जास्त दिवस चालणार, आणि डॉक्टर टाळ्या वाजवणार की औषधाला गुण आला! गुण कसला? पैलवान आजीचा. आणि ते औषध उद्या मुलांना देणार.

"संस्थेत वर्षातून एकदा आजारी मुलांच्या घरच्यांना बोलावतात," बाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला चाकांच्या खुर्चीतली एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची. काचेतून बघत मला म्हणाली, दिवसभर बसून त्यांना पण कंटाळा येतो का? मी म्हटलं, येत असेल बाई. तर म्हणते, मग त्यांना काहीतरी खेळायला द्या ना. मी त्या दिवसापासून त्यांना पुठ्ठ्याच्या नळ्या द्यायला लागले, प्रमुखबाईंची परवानगी काढून. तिचं तोंड मला सारखं दिसतंय. दोन दिवस झाले."

"मग सांगून टाका की," ही म्हणाली.

"आणि मला ओळखलं असेल बरोबर, तर? उगीच बारा जोड्या अडवायच्या? आठ महिने थांबलेत ते लोक."

"ओळखलं असेलच तर मग तुम्ही माझे चमचे का मोजताय?"

खरंच, बाई बोलता बोलता आमच्या ताटाळ्यातले चमचे मोजत होत्या.

घरी गेल्या तर नणंद जेवायला आलेली. तिला कुठूनतरी वास लागतोच. "काय गं, चेहरा का असा? उंदीर चावला का?"

"नाही."

"चावला असेल तर सांग हो. त्यांचे रोग अंगात शिरले म्हणजे? आमच्या घरात पोरंबाळं आहेत."

"मी धुऊन आत जाते आणि धुऊन बाहेर येते, वन्सं. आत जाताना अंघोळ, येताना अंघोळ. तुमच्यापेक्षा जास्त अंघोळी होतात माझ्या."

नणंदेला उत्तर देण्याची बाईंची ही इतक्या वर्षांतली पहिली वेळ. चष्मेवाल्याने डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला. मग त्यालाही कळलं की काहीतरी मोठं आहे.

शुक्रवारी सकाळी बाई कपडे बदलायच्या खोलीपर्यंत गेल्या, कोट हातात घेतला, परत खुंटीला लावला आणि प्रमुखबाईंच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. प्रमुखबाई म्हणजे उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यामुळे सगळे त्यांना जास्तच टरकून असत.

"मंगळवारी दोन पिल्लं पडली. चार नंबरात. एक डुलती, एक पैलवान."

"नोंद दिसली नाही मला."

"केली नाही. मी परत ठेवली."

प्रमुखबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कोणती कुठे, हे कळलं होतं?"

"वाटलं मला."

"वाटलं म्हणजे?"

"वाटलं म्हणजे वाटलं, मॅडम. शेपटीवरून."

"कानांना खाचा पाडल्या?"

"बुधवारी. मीच."

मग प्रमुखबाई म्हणाल्या, "सोमवारचं खोकं थांबवते. तुम्ही आज आत जाऊ नका. घरी थांबा, मी फोन करेन." बाई दारापर्यंत गेल्या तेव्हा मागून आवाज आला, "तुम्ही नवीन माणसांना काय शिकवता, आठवतं ना?"

"आठवतं."

"मग झालं."

हे "मग झालं" बाईंनी पुढचे कित्येक दिवस चावून चघळून पाहिलं. काय झालं? नोकरी झाली? घराणं झालं? की नुसतंच झालं?

घरी बसलेली उंदीरबाई ही आमच्या गल्लीसाठी नवलाची गोष्ट. एकतीस वर्षांत त्यांनी आजारपणाची रजा दोनदा घेतली होती. शनिवारपर्यंत त्यांना कामावरून काढल्याचं ठरलं. रविवारी कारण ठरलं. सोमवारी त्या चोर झाल्या. यात माझा वाटा नाही. तोपर्यंत मी फक्त मान डोलवत होतो.

इकडे फोन येईना. बाई खिडकीशी बसायच्या, फोन मांडीवर. चष्मेवाला दुकान लवकर बंद करून यायचा आणि काय बोलावं हे न कळून त्यांचा चष्मा पुसून द्यायचा. आमची ही रोज काहीतरी निमित्त काढून जाऊन यायची. दोन वेळचं जेवण होत होतं, पण ते ताटातून भांड्यात परत जात होतं.

फोन पुढच्या बुधवारी आला. शंभर खुणांची मोठी तपासणी झाली होती. घराणं ओळखायला तेवढ्या खुणा बघाव्या लागतात. निकाल दोनच शब्दांत सांगण्यासारखा होता. अदलाबदल झालीये. बाईंना डाव्या हातातली डुलती वाटली होती, ती पैलवान होती. शेपटीबिपटी सगळं थोतांड.

"दोन्ही बाजूला काढल्या आहेत," प्रमुखबाई म्हणाल्या. "अजून जोड्या लावल्या नव्हत्या, त्यामुळे पुढे काही गेलं नाही. पण संस्थेची समिती विचारतेय, आणि मलाही विचारायला लागेल. याआधी असं कधी झालंय?"

"पडले आहेत, मॅडम. परत ठेवला एकही नाही."

"हे मी तुमच्या शब्दावर घेऊ?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"समजून घ्या," प्रमुखबाई म्हणाल्या. "एकदा तीन दिवस लपवलं. मग आधी कधी लपवलं नसेल कशावरून? तुमच्या हाताखालची दोन्ही घराणी मला थांबवावी लागतील. एकेक पिंजरा तपासायचा. मनासारखं उत्तर नाही आलं तर गोठवून ठेवलेल्या गर्भांपासून सगळं पुन्हा उभं करायचं. वर्ष जाईल. रुग्णालयाला मी आज तसं कळवणार आहे."

वर्ष! आता बाईंच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी ठरवून म्हटलेलं नव्हतं.

"वहीत आहे सगळं."

"कुठल्या वहीत?"

"घरच्या."

त्या खोल्यांतून कागदाचा कपटाही बाहेर येत नाही; जंतू येऊ जाऊ नयेत म्हणून आतलं आत राहतं. बाईंनी कागद कधी आणलाच नव्हता. पहिल्याच महिन्यात एका पिंजऱ्यातल्या पिल्लांचा आकडा विसरल्या आणि ओरडा खाल्ला, तेव्हापासून त्या दिवसभराचं सगळं डोक्यात धरून घरी यायच्या आणि चहा टाकायच्या आधी वहीत उतरवायच्या. कुठे किती जन्मले, कोण दुबळं, कोण पडलं, काय केलं. दर वर्षाची एक वही. हे कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर घरी नोंदी ठेवायला परवानगी होती का, हेही त्यांना माहीत नव्हतं.

"मॅडम, ही पण चूकच का?"

"ते नंतर बघू," प्रमुखबाई म्हणाल्या. "वह्या कुठे आहेत?"

"कपड्यांच्या कपाटात. खालच्या खणात."

तासाभरात गाडी आली. एक चालक आणि एक तपासणीवाला तरुण डॉक्टर, जो बाईंना मावशी म्हणतो. चष्मेवाल्याने फळवाल्याकडून एक रिकामी पेटी आणून दिली, कारण वह्या जड होत्या. जिन्यात निम्मी गल्ली उभी होती. आम्ही वाट दिली. नणंद खालच्या पायरीवर छातीला हात लावून उभी होती आणि पेटी जवळून गेली तेव्हा तिने पाय वर घेतला.

मग समिती वह्या वाचत बसली, तीन दिवस. संस्थेकडे त्याच दिवसांची कार्डं होती. त्यांनी कुठलेही चाळीस दिवस काढले आणि कार्ड अन् वही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. अडतीस दिवस हुबेहूब जुळले. दोन जुळले नाहीत. त्या दोन्ही दिवशी बाई सुट्टीवर होत्या, वहीत तेवढंच लिहिलेलं होतं, आणि कार्ड दुसऱ्याच कुणीतरी भरलं होतं, तेही, बाईंच्या दुसऱ्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहिलं तर, चुकीचं. तो दुसरा कोण, हे मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. फारच आग्रह केलात तर सांगेन.

वह्यांत बाकीचंही होतं, आणि ते समितीतल्या मोठमोठ्या विद्वानांना वाचावं लागलं. "नणंद आली. गेली नाही." "ह्यांना सर्दी." "समोरचे काका जिन्यात भेटले, चाळीस मिनिटं." हे शेवटचं मला तपासणीवाल्या डॉक्टरने हसत हसत सांगितलं. चाळीस मिनिटं अतिशयोक्ती आहे. वीस फार तर.

पण वाचता वाचता ते सगळे ज्या ओळींवर थांबले त्या अशा. अकरा वर्षांपूर्वी: "आज एक पडला. नियम केला. जेवण गेलं नाही." सहा वर्षांपूर्वी: "एक पडली. पोटुशी होती. नियम केला." मेलेल्या उंदरांच्या नोंदवहीत या दोन्ही तारखा होत्या. आणि चालू वहीतला तो मंगळवार: "दोन पडल्या. नियम केला नाही."

प्रमुखबाईंनी बाईंना बोलावलं ते सोमवारी. बाई जाताना आमच्या हिच्या हाताला धरून दोन मिनिटं उभ्या होत्या. नवरा दुकान बंद ठेवून बरोबर गेला आणि बाहेर बाकावर बसला.

"मंगळवारी लिहिलं होतंत," प्रमुखबाई म्हणाल्या. "मग शुक्रवारपर्यंत का थांबलात?"

"लिहिलं की सांगितल्यासारखं वाटलं. पण ते सांगितलेलं नसतं, हे कळायला तीन दिवस गेले."

प्रमुखबाईंनी कागद वाचून दाखवला. घराणी थांबवायची गरज नाही. रुग्णालयाला अकरा जोड्या बुधवारी जातील, बारावी महिन्याभराने. बाईंच्या नोंदीत ठपका. चौथ्या खोलीत सहा महिने प्रवेश नाही. तोवर पिंजरे धुण्याच्या विभागात काम. घरच्या वह्या बंद. त्याऐवजी आत, खोलीतच, प्रत्येक कामगाराला रोजनिशी, आणि ती कशी लिहायची हे बाईंनी सगळ्यांना शिकवायचं.

"आणि दोन पिंजरे एका वेळी?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"एकच," बाई म्हणाल्या. बोट उगारलं नाही.

बाहेर नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"धुण्यात टाकलं मला."

"म्हणजे नोकरी आहे?"

"आहे. आणि त्या अकरा जोड्या जातायत बुधवारी." आणि मग बाकावर बसून त्या रडल्या. नवऱ्याने त्यांचा चष्मा काढून पुसला. त्या वेळी त्याची खरंच गरज होती.

पिंजरे धुण्याचा विभाग म्हणजे वाफ, साबण आणि दिवसभर घरघर. बाई तिथेही धुतलेले पिंजरे दोनदा मोजतात. चमचे मोजणं जरा कमी झालंय. आमचे तरी त्यांनी बरेच दिवसांत मोजले नाहीत. रात्रीचं जेवण व्यवस्थित जातं. तरी मंगळवार आला की त्या थोड्या जास्त गप्प असतात, आणि गल्लीत कुणाचं भांडं पडलं की दचकतात.

गल्लीचं म्हणाल तर गल्लीने अजून हार मानलेली नाही. नणंद सांगते की पेटीतून चीं चीं आवाज येत होता. न्हाव्याच्या दुकानात भोकांची संख्या सोळावर गेली आहे. मी दुरुस्त करायला गेलो तर मलाच म्हणाले, काका, तुम्हाला काय माहीत!

तर सांगून टाकतो. पेटीत उंदीर नव्हते आणि तिला भोकं नव्हती. तिच्यात एकतीस वह्या होत्या. बाईंच्या हातून मंगळवारी दोन पिल्लांची अदलाबदल झाली होती, आणि शुक्रवारी त्यांनी ते स्वतः जाऊन सांगितलं होतं.